रक्तातील ढाल ओळखणारा शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हॉल्डेन

साकोली, प्रतिनिधी : धानाची रोवणी आटोपली, बोड्या आणि मामा तलाव तुडुंब भरले, की साकोली परिसरात तापाचे दिवस सुरू होतात. जंगलाला लागून असलेल्या गावांत आशा कार्यकर्ती तापाच्या रुग्णाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेते, हे दृश्य येथे कुणाला नवे नाही. याच गावांत रक्ताचा आणखी एक थेंब वेगळ्या कारणासाठी घेतला जातो. तो असतो सिकलसेलच्या तपासणीसाठी. पहिला थेंब डासामुळे होणाऱ्या हिवतापाचा, तर दुसरा आई-वडिलांकडून आलेल्या रक्तदोषाचा. वरवर पाहता या दोन आजारांचा परस्परांशी काहीही संबंध दिसत नाही. प्रत्यक्षात तो हजारो वर्षांचा आहे. रक्ताचे आनुवंशिक आजार आणि हिवताप यांच्यातील हे नाते १९४९ साली गणिती तर्काने मांडणारा शास्त्रज्ञ म्हणजे जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन.

पूर्व विदर्भात सिकलसेलचा वाहक असणे ही आजही अनेक घरांत लपविण्याची बाब आहे. मुलीच्या अहवालावर वाहक असा शब्द दिसला, की लग्नाची बोलणी मध्येच थांबतात. कुळातच काही खोट असल्याची भावना मनात घर करते. अशा वेळी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि भारताचा नागरिक म्हणून मरण पावलेल्या या माणसाचे आयुष्य समजून घेणे उपयुक्त ठरेल.

खाणीतले बालपण

हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन कामगार मरत, त्यांच्या मृत्यूची कारणे ते शोधत असत. स्फोटानंतर मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य कामगार भाजल्याने अथवा मार लागल्याने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मरतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि शरीराचा प्राणवायू तोडतो.

या कामात वडिलांनी आपल्या लहानग्या मुलालाही सोबत घेतले. एकदा ते त्याला एका खाणीत घेऊन गेले. वरच्या भागात मिथेन वायू साचलेल्या ठिकाणी त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणावयास सांगितले. काही ओळी म्हणताच मुलाला धाप लागली आणि तो खाली कोसळला. जमिनीलगतची हवा मात्र श्वास घेण्याजोगी होती. मिथेन हवेपेक्षा हलका असून वर साचतो, हा धडा त्याला आयुष्यभर पुरला. आपल्याच शरीरावर प्रयोग करून पाहण्याची सवयही त्याला येथूनच जडली.

१९१२ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आतबाहेर, हॉल्डेन यांचे नाव एका शोधनिबंधावर झळकले. हिमोग्लोबिन हे कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांच्याशी कोणत्या नियमाने जोडले जाते, हा त्या निबंधाचा विषय होता. वडील आणि सी. जी. डग्लस हे त्यांचे सहलेखक होते. हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड ही जोडी वाचकांनी लक्षात ठेवावी. या कथेच्या अखेरीस तिची पुन्हा भेट होणार आहे.

विज्ञानाची पदवी नसलेला शास्त्रज्ञ

हॉल्डेन यांचे शिक्षण ईटन आणि ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात झाले. त्यांनी प्रथम गणित घेतले, नंतर ग्रीक व लॅटिन साहित्य आणि तत्त्वज्ञान. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. तथापि, आनुवंशिकतेचे वेड त्यांना आठव्या वर्षीच लागले होते. १९०१ साली वडिलांनी त्यांना मेंडेलच्या नियमांवरील एका व्याख्यानाला नेले होते. पुढे धाकटी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह त्यांनी उंदरांची पैदास करून आनुवंशिक गुण एकत्र कसे उतरतात याचा अभ्यास केला. हा निबंध १९१५ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत महायुद्ध पेटले होते आणि स्प्रंट रणांगणावर मरण पावले होते.

हॉल्डेन हेदेखील ब्लॅक वॉच या पलटणीत अधिकारी होते. फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात ते जखमी झाले. जर्मनांनी विषारी वायूचा वापर सुरू केला तेव्हा वडिलांसोबत त्यांनी बचावाच्या मुखवट्यांच्या चाचण्या स्वतःवर करून घेतल्या. मेसोपोटेमियातील जखमेनंतर त्यांना उपचार व विश्रांतीसाठी भारतात पाठविण्यात आले. काही काळ त्यांनी महूच्या छावणीत सैनिकांना बॉम्ब वापरण्याचे प्रशिक्षण दिले. महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहे. या वास्तव्यात भारताने हॉल्डेन यांच्या मनात जागा केली. मात्र राज्यकर्त्यांपैकी एक म्हणून येथे राहणे त्यांना रुचले नव्हते.

युद्धानंतर १९२३ ते १९३२ या काळात ते केंब्रिज येथे जीवरसायनशास्त्राचे अध्यापक होते. शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारी विकरे किती वेगाने काम करतात, याचे सूत्र त्यांनी जी. ई. ब्रिग्ज यांच्यासह १९२५ साली मांडले. आजही ते पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते. रक्ताची आम्लता बदलली की श्वासावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतः अमोनियम क्लोराइड प्राशन केले आणि कित्येक दिवस धापा टाकल्या.

याच काळात त्यांनी नैसर्गिक निवडीचे गणित मांडण्यास प्रारंभ केला. डार्विन यांनी सांगितलेली निवड मेंडेलच्या नियमांनुसार कशी चालते, एखादे जनुक पिढ्यांमागून पिढ्या किती वेगाने वाढते अथवा घटते, याचे हिशेब १९२४ पासून दहा वर्षे निबंधमालेच्या रूपाने प्रसिद्ध होत गेले. रोनाल्ड फिशर आणि सीवल राइट यांच्यासह हॉल्डेन हे लोकसंख्येच्या आनुवंशिकीचे संस्थापक मानले जातात. १९३३ पासून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक होते.

हॉल्डेन हे प्रयोगशाळेत मावणारे गृहस्थ नव्हते. सामान्य वाचकांसाठी त्यांनी शेकडो लेख लिहिले. ते कट्टर डावे होते, कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात त्यांचे विज्ञानविषयक सदर चाले. रक्ताच्या शुद्धतेच्या नावाखाली माणसांची प्रतवारी करणाऱ्या विचारांवर त्यांनी १९३८ सालच्या पुस्तकात टीका केली. जून १९३९ मध्ये थेटिस ही पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ जण मरण पावले. त्या दुर्घटनेची कारणे शोधण्यासाठी आणि पुढे नौदलासाठी हॉल्डेन यांनी बंद कोठीत स्वतःला कोंडून घेऊन प्रयोग केले. त्यात आलेल्या झटक्यांनी त्यांच्या पाठीच्या कण्याला झालेली इजा मरेपर्यंत राहिली.

एक अवघड कोडे

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर आनुवंशिकीच्या अभ्यासकांपुढे एक कोडे होते. भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्या इटालियन व ग्रीक लोकांत थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळत होता. आई आणि वडील या दोघांकडून सदोष जनुक आलेले मूल त्या काळी बालपणीच दगावत असे. एकाच पालकाकडून ते आलेले मूल, म्हणजे वाहक, बहुतांशी निरोगी जगे. असा जीवघेणा दोष पिढ्यान् पिढ्या टिकून कसा राहतो, हा प्रश्न होता.

त्याचे गणित साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, जन्मणाऱ्या शंभर मुलांत अठरा वाहक आणि एक आजारग्रस्त आहे. वाहकांकडे प्रत्येकी एक आणि आजारग्रस्त मुलाकडे दोन, अशी एकूण वीस सदोष जनुके झाली. ते एक मूल दगावले की वीसपैकी दोन, म्हणजे दहावा हिस्सा, त्या पिढीतच नाहीसा होतो. ही गळती सुरू राहिली तर दोष हळूहळू विरळ व्हायला हवा. प्रत्यक्षात तसे झालेले नव्हते. अमेरिकेतील जेम्स नील आणि विल्यम व्हॅलेंटाइन यांनी सुचविले की, हा दोष नव्याने वरचेवर निर्माण होत असावा. हॉल्डेन यांना ते पटले नाही. त्यासाठी जनुकीय बदलाचा जो वेग लागला असता, तो त्यांना अशक्यप्राय वाटला.

१९४८ साली स्टॉकहोम येथील आनुवंशिकीच्या जागतिक परिषदेत त्यांनी वेगळे उत्तर मांडले आणि १९४९ साली ते छापून आले. वाहकांच्या तांबड्या पेशी आकाराने लहान असतात. कदाचित हिवतापाच्या परजीवीला त्या मानवत नसाव्यात, असा त्यांचा तर्क होता. मलेरियाच्या प्रदेशात ज्यांचे रक्त पूर्णपणे निर्दोष ती मुले तापाने अधिक मरतात, ज्यांना दोन्ही बाजूंनी दोष आला ती रक्तक्षयाने मरतात आणि मधला वाहक मात्र तग धरतो. एका बाजूने होणारी गळती दुसऱ्या बाजूने भरून निघते. त्याच वर्षी इटलीतील एका परिसंवादात त्यांनी याहून व्यापक विचार मांडला. माणसाच्या उत्क्रांतीला आकार देणाऱ्या शक्तींत रोगराई ही फार मोठी शक्ती असली पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा तर्क होता, पुरावा नव्हता. पुरावा आला तो आफ्रिकेतून आणि तोही सिकलसेलच्या बाबतीत. केनियात वाढलेले डॉक्टर अँथनी ॲलिसन यांनी स्वतंत्रपणे विचार करून पूर्व आफ्रिकेतील मुलांचे रक्त तपासले. सिकलसेलच्या वाहक मुलांत हिवतापाचे परजीवी कमी प्रमाणात आढळतात, हे त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर अनेक देशांतील अभ्यासांनी वाहकांना गंभीर मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते, या निष्कर्षाला दुजोरा दिला.

भारतातील वास्तव्य

१९५७ साली, वयाच्या पासष्टीला टेकलेले असताना, हॉल्डेन यांनी इंग्लंड कायमचे सोडले. सुएझ कालव्यावरील ब्रिटिश आक्रमणाचा निषेध हे त्यांनी दिलेले एक कारण होते. भारतातील निसर्ग, येथील विचारपरंपरा आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांचे निमंत्रण यांचीही ओढ होती. पत्नी हेलन स्परवे यांच्यासह ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले. ते कुर्ता वापरू लागले, मांसाहार सोडला आणि पुढे भारताचे नागरिकत्व घेतले. महागड्या उपकरणांवाचूनही उत्तम संशोधन होऊ शकते, हे त्यांनी आपल्या तरुण सहकाऱ्यांना पटवून दिले. टिटवीच्या घरट्यांचे निरीक्षण करणारे सुरेश जयकर आणि मानवी आनुवंशिकीकडे वळलेले कृष्ण द्रोणमराजू हे त्यांपैकीच होत.

स्वभावाने ते तापट होते. संस्थेशी मतभेद होऊन १९६१ साली ते बाहेर पडले. १९६२ साली ओडिशा सरकारच्या पाठिंब्याने त्यांनी भुवनेश्वर येथे आनुवंशिकीची प्रयोगशाळा सुरू केली.

हॉल्डेन भारतात आले त्या सुमारास आपल्याकडे सिकलसेलची ओळख नुकतीच पटत होती. १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्ये तो प्रथम आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. पुढील काळात विदर्भातील अनेक अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत हा दोष असल्याचे स्पष्ट झाले. जेथे जंगल, पाणथळ जमीन आणि हिवताप होता, त्याच पट्ट्यात तो ठळकपणे आढळला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीचा नकाशा जणू हॉल्डेन यांच्या सूत्राला दुजोरा देत होता.

१९६४ च्या प्रारंभी लंडन येथे त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातील खाटेवरूनच त्यांनी या आजारावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाज सोडून वेळीच डॉक्टरांकडे जावे, हा तिचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला. जन्मभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्या माणसाने अखेरचे शरीरही विज्ञानाच्याच हवाली केले.

दाहक हीमचे रहस्य

वाहक वाचतो हे सिद्ध झाले, पण तो नेमका कसा वाचतो, हा प्रश्न हॉल्डेन यांच्या पश्चातही उरला. त्याच्या उत्तराचा एक महत्त्वाचा धागा हीम या पदार्थापाशी पोहोचतो. हिमोग्लोबिनच्या पोटात लोहाचा अणू असलेले हे रसायन. प्रथिनाच्या कुशीत असेपर्यंत ते प्राणवायू वाहून नेते. मोकळे सुटले की मात्र ते अतिशय दाहक ठरते. त्यातील लोहामुळे तीव्र रासायनिक क्रिया सुरू होऊन पेशींची आवरणे जळू लागतात.

हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो. मोकळे झालेले हीम त्यालाही विषच असते. म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ठेवतो. क्लोरोक्विन हे औषध नेमकी हीच प्रक्रिया रोखते. परंतु पेशी फुटतात तेव्हा उरलेले हिमोग्लोबिन रक्तात सांडते, त्याचे विघटन होऊन हीम सुटे होते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर हा आघात झाला, तर मेंदूचा मलेरिया बळावतो. रुग्ण बेशुद्ध होतो, झटके येतात आणि बालके दगावतात.

शरीरातही या विषावर उतारा आहे. हीम ऑक्सिजनेज नावाचे विकर हीमचे तुकडे करते आणि त्यातून अत्यल्प प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पोर्तुगालमधील गुलबेंकियन संस्थेतील मिगेल सोआरेस आणि सहकाऱ्यांनी २००७ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, हा वायू हिमोग्लोबिनला चिकटून त्यातून हीम सुटू देत नाही आणि मेंदूचा मलेरिया टळतो. २०११ साली याच गटाने सिकलसेलचे मानवी हिमोग्लोबिन असलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या रक्तात सुटे हीम सतत थोडे थोडे झिरपत असते, त्यामुळे हे विकर आधीपासूनच सज्ज असते. परजीवींची संख्या कमी न होताही हे उंदीर मेंदूच्या मलेरियातून बचावले.

हे प्रयोग उंदरांवरील आहेत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. माणसाच्या बाबतीत अन्य कारणेही पुढे आली आहेत. वाहकाच्या पेशीत प्राणवायू कमी झाला की परजीवीची वाढ खुंटते, तसेच अशा पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना कमी चिकटतात, असे दिसून आले आहे. ढाल एकाच धातूची नसावी. तरीही योगायोग विलक्षण आहे. ज्या वायूचे आणि हिमोग्लोबिनचे नाते हॉल्डेन यांनी ऐन विशीत मोजले, तोच वायू त्यांच्या उतारवयातील कोड्याच्या उत्तरात सापडला. अर्थात, शरीर स्वतः तयार करते ते प्रमाण कणभर असते. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणाऱ्यांचा जीव घेणाराही हाच वायू आहे, याचा विसर पडू नये.

कलंक नव्हे, वारसा

या संशोधनाचा साकोलीतील कुटुंबाला काय उपयोग, असा प्रश्न कुणी विचारील. पहिला उपयोग मनाचा आहे. वाहक असणे हे कुणाच्या पापाचे फळ नाही की कुळाचा डाग नाही. औषध नव्हते, मच्छरदाणी नव्हती, त्या काळात या जंगलपट्ट्यात ज्यांची मुले तापातून जगली, त्या पूर्वजांची ती खूण आहे. त्या जगण्याची किंमत मात्र काही मुलांनी मोजली आणि आजही ती मोजत आहेत. सिकलसेलग्रस्त मुलाच्या वेदना पाहिलेल्या आईला या वारशाचे गोडवे कुणी सांगू नयेत.

दुसरा उपयोग व्यवहाराचा आहे. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारग्रस्त होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक आणि निर्दोष जोडीदार यांच्या अपत्याला मात्र हा आजार होत नाही. ते फार तर वाहक होते. म्हणजे वाहक मुलीचे लग्न मोडण्याचे कारण नाही, दोघांची तपासणी आधी होणे एवढेच पुरेसे आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली असून, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. त्या तपासणीला लाजून पाठ फिरविण्यात कुणाचेच हित नाही.

तिसरी बाब सावधगिरीची. वाहकाला मलेरिया होतच नाही, असे मुळीच नाही. आणि सिकलसेलग्रस्त रुग्णाला तर मलेरिया अधिक घातक ठरतो. ताप आल्यास दोघांनीही रक्त तपासून पूर्ण औषध घेतलेच पाहिजे. आता आपल्याजवळ मच्छरदाणी आहे, गोळ्या आहेत. पूर्वजांना रक्तात वागवावी लागलेली ढाल यापुढे मुलांच्या जिवावर वागविण्याची गरज उरलेली नाही. पुढच्या रोवणीनंतर गावात आशा कार्यकर्ती काचपट्टी घेऊन येईल, तेव्हा दोन्ही थेंब निःसंकोच द्यावेत. स्वतःचे रक्त आयुष्यभर प्रयोगासाठी पुढे करणाऱ्या हॉल्डेन यांना याहून योग्य आदरांजली दुसरी नसेल.